अठरावं नाव

मी नऊ वर्षं देशाकडून हॉकी खेळले आणि पुढची बारा वर्षं शिकवली. त्यातली शेवटची तीन वर्षं राष्ट्रीय महिला संघाची मुख्य प्रशिक्षक होते. झरीत, माझ्या गावात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी बसस्टँडवर कुणी नवख्यानं विचारलंच तर माझी ओळख भावाची बहीण म्हणून करून दिली जाते. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. भाऊ इथं रोज असतो, सोयाबीन पेरतो, कुणाच्याही मयतीला पुढं होतो. मी तीस वर्षं बाहेर होते आणि आता येऊन बसले आहे. सकाळी उठते, उजव्या गुडघ्याला तेल चोळते, भावजयीच्या हातचा चहा घेते, आणि त्यानंतर काय करायचं हे मला बराच वेळ सुचत नाही.

हॉकी मला परभणीत लागली. पाचवीला मला शिकायला मामाकडं ठेवलं होतं. शाळेच्या मागं मुरमाचं मैदान होतं आणि पोलिसातून निवृत्त झालेले एक हवालदार तिथं संध्याकाळी पोरींना खेळवायचे. घरात दखनी, आमच्याशीही दखनीच. मला त्यांनी लेफ्ट हाफला उभं केलं, कारण त्या जागेवर उभं राहायला कुणी तयार नव्हतं. गोल करणाऱ्या पुढं असतात, अडवणाऱ्या मागं. हाफनं मधे पळत राहायचं, चेंडू काढून घ्यायचा आणि दुसरीला द्यायचा. “गेंद को नक्को देख बेटी, गेंद किधर जाने वाली उधर देख,” एवढंच ते म्हणायचे. त्यांनी मला दुसरं फार काही शिकवलं नाही, आणि त्याच्यावरच मी सगळं आयुष्य काढलं.

मी मोठी खेळाडू नव्हते. टीव्हीवर सामना असला की माझं आडनाव दर वेळी वेगळं उच्चारलं जायचं. रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, संघात जागा पक्की झाली, आणि एका दुपारी ओल्या टर्फवर वळताना पाय तिथंच राहिला आणि अंग पुढं गेलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. प्रशिक्षक व्हायचं मी ठरवलं वगैरे नाही. गुडघ्यानं खेळायचं बंद केलं आणि दुसरं मला काही येत नव्हतं.

पहिली नऊ वर्षं मी मदतनीस प्रशिक्षक होते. शिबिर संपलं की दौरा, दौरा संपला की शिबिर. तेहतीस पोरी आणि प्रत्येकीचं कुठं तरी दुखत असायचं. कुणाची पिंढरी, कुणाचं घर. सकाळी शिट्टी, संध्याकाळी व्हिडिओ, मग कार्यालयाला अहवाल. लग्न राहून गेलं. आई गेली तेव्हा मी परदेशात होते, पोचले ती दहाव्याला. भावानं दारातच पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. त्या दिवसापासून मला झोपेनं न जाणारा शीण जाणवायला लागला, असं आता वाटतं. तेव्हा वाटायचं, एवढा दौरा झाला की बरं वाटेल.

आईच्या वर्षश्राद्धाला आले होते तेव्हा गंगाखेडला शालेय स्पर्धेच्या बक्षिसांना मला बोलावलं. तिथं मी त्या पोरीला पाहिलं. अकरा-बारा वर्षांची असेल. राणीसावरगावची. पायात काही नव्हतं, स्टिक शाळेची, खालून सुतळी गुंडाळलेली. तिच्याकडं चेंडू डावीकडून, स्टिकच्या उलट्या बाजूनं आला. त्या वयाच्या पोरी तेव्हा पाय फिरवतात, अंग फिरवतात आणि तोवर चेंडू निघून जातो. तिनं नुसतं मनगट फिरवलं आणि चेंडू तिच्यापाशी येऊन थांबला. तिची मान वर होती. ती पुढं कुठं द्यायचा ते बघत होती. मी खुर्चीवरून उठून रेषेपाशी गेले आणि उरलेला सामना उभ्यानं पाहिला.

तिचे आईबाप दिवाळीनंतर उसाला जायचे. ती चुलतीकडं राहून शाळा करायची. तिला सरकारी क्रीडा वसतिगृहात घालायचं तर पालकांची सही पाहिजे होती, म्हणून फॉर्म घेऊन मी पश्चिमेकडं, त्यांची टोळी जिथं होती तिथं गेले. बाप ट्रॅक्टरवर मोळ्या चढवत होता. त्यानं हात पुसून सही केली आणि परत चढला. आई पाचटात उभी होती, हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे. मी तिला वसतिगृहाबद्दल बरंच सांगितलं, शिक्षण, खेळ, पुढं नोकरी. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं की जेवण वेळेवर असतं का. मी म्हटलं, असतं, घंटा वाजते. तेव्हा ती म्हणाली, “मंग न्या. आमी तुमच्या भरवशावर धाडायलोत बघा.”

पोरीनं कुणाला काही बोलायला जागा ठेवली नाही. वसतिगृहात सात वर्षं काढली, राज्याकडून खेळली, ज्युनियर संघात गेली, आणि एकोणिसाव्या वर्षी वरिष्ठ संघाच्या शिबिरात आली. मी तोवर मुख्य प्रशिक्षक झाले होते. शिबिरात मी तिच्याशी हिंदीत बोलायचे, इतरांशी बोलते तशीच. तिनं कधी गावाकडची ओळख काढली नाही. एकदाच, तिच्या आईनं तिळाचे लाडू पाठवले होते, ते तिनं माझ्या खोलीच्या दाराशी डब्यात ठेवले आणि सरावाला निघून गेली. मी ते भोजनगृहात सगळ्यांत वाटून टाकले. स्वतः एक खाल्ला.

त्या वर्षी मोठी स्पर्धा होती. अठरा जणींचा संघ निवडायचा होता. निवडीच्या आठवड्यात मी जेवणाच्या रांगेत वरण वाढून घेत होते. मागं आमच्यातलाच एक प्रशिक्षक दुसऱ्याला म्हणाला, मॅडमच्या गावाकडची एक आहे ना, तिचं काय, तिची जागा पक्की. चेष्टेतच म्हणाला. त्याला मी दिसले नव्हते असंही नाही, मी ऐकावं म्हणूनही म्हणाला असेल. मी ताट घेऊन कोपऱ्यात बसले. पुढचे चार दिवस ते वाक्य माझ्याबरोबर मैदानावर यायचं.

निवड समितीची बैठक दुपारी होती. सतरा नावं पाऊण तासात झाली. अठराव्या नावाला मधल्या फळीतल्या दोघी उरल्या. एक पंजाबकडची, चार वर्षं संघाबरोबर असलेली, दोन मोठ्या स्पर्धा खेळलेली, चांगली, भरवशाची. दुसरी आमची. धावण्यात दोघी सारख्या. चेंडू काढून घेण्यात आमची पुढं होती, आणि शेवटच्या चार सराव सामन्यांनंतर माझ्या वहीत मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं की दबावाखाली हीच जास्त शांत असते. वही माझ्या मांडीवर होती. समितीचे अध्यक्ष म्हणाले की संघ तुम्हाला खेळवायचा आहे, तुम्हीच सांगा.

मी म्हटलं, अनुभव बघू या.

सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. एका सदस्यानं मान डोलावून म्हटलं की आपल्याकडच्या पोरीला वगळायला हिंमत लागते. ते ऐकून मला बरं वाटलं. तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

यादी दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर फलकावर लागली. नाव नसलेल्या पोरी त्याच दिवशी निघतात. ती साहित्य परत करायला माझ्या खोलीवर आली. जर्सी घड्या घालून, मोजे धुऊन. टेबलावर ठेवून उभी राहिली. शिबिरात आल्यापासून पहिल्यांदाच ती मराठीत बोलली.

“मॅडम, माझं काय कमी पडलं तेवढं सांगा. मी त्याच्यावर काम करते.”

मी म्हटलं, “अजून लहान आहेस. अनुभव येऊ दे.”

तिनं मान हलवली. मग विचारलं की अनुभव यायला काय करावं लागंल. मी तिला म्हटलं, गाडीची वेळ होईल, आवर.

स्पर्धेत आम्ही उपांत्यपूर्व फेरीत शूटआऊटवर हरलो. पंजाबची पोरगी नीट खेळली. तिची काही चूक नव्हती, आणि आमची असती तर जिंकलो असतो असं मी कधी म्हटलेलं नाही. हॉकी अशी एका पोरीवर जिंकली जात नाही. पण हरल्यावर मुख्य प्रशिक्षकाचं जे होतं ते झालं. महिन्याभरानं मी फिजिओच्या टेबलावर पालथी पडलेली असताना फोनवर पत्र आलं, करार पुढं वाढवण्यात येणार नाही. सहा ओळी होत्या. शेवटी शुभेच्छा होत्या. फिजिओनं विचारलं की काय झालं. मी म्हटलं, काही नाही, तू दाब.

रेल्वेची नोकरी मी आधीच सोडली होती. झरीला आले. भावानं माझ्यासाठी मागची खोली रंगवून ठेवली होती. पहिले सहा महिने मी नुसती झोपत होते. भावजय ताट झाकून ठेवायची आणि उठवायची नाही. लोक भेटायला यायचे, सत्काराचं विचारायचे. मी म्हणायचे, गुडघा बरा होऊ द्या.

आमच्या पोरीला पुढं शिबिरातून बोलावणं आलं नाही. नव्या प्रशिक्षकानं नव्या पोरी घेतल्या. त्यातच तिची मांडी दुखावली. हे मला दुसऱ्यांकडून कळत गेलं. मग कळलं की तिनं बी.पी.एड. केलं, गावच्याच शाळेत लागली, लग्न झालं. तिला फोन करावा असं मला कितीदा वाटलं, पण फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. शेवटी गेल्या वर्षी मी एसटीनं परभणी, तिथून गंगाखेड आणि पुढं जीपनं राणीसावरगाव गाठलं. भावाला म्हटलं, देवीला जाऊन येते.

शाळेचं मैदान म्हणजे पडीक रान होतं. दगड वेचून कडेला बांध घातल्यासारखे रचले होते. ती वीस-पंचवीस पोरींना पळवत होती. मला ओळखून आली, पाया पडली, आणि पोरींना म्हणाली की ह्या आपल्या इंडियाच्या कोच. पोरींनी माझ्याकडं बघितलं आणि मग माझ्या चपलांकडं. शाळा सुटल्यावर तिनं मला घरी नेलं. माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळं आईही आली. आई आता उसाला जात नव्हती. तिनं मला ओवाळलं. पिठलं-भाकरी केली, वर शेंगदाण्याची चटणी, आणि मी जेवताना समोर बसून राहिली.

“तुमच्यामुळं पोरगी मास्तरीण झाली,” ती म्हणाली. “न्हाई तर माझ्यासारखीच कोयता घेऊन गेली आसती.”

मी पाणी प्याले. ती म्हणाली की चटणी लय तिखट झाली का.

जीप मिळायची जागा दूर होती. पोरगी माझ्याबरोबर चालत आली. लिंबाखाली जीपची वाट बघत आम्ही बसलो. तिथं मी तिला सगळं सांगितलं. जेवणाच्या रांगेतलं वाक्य, वहीत काय लिहिलं होतं, आणि त्या दुपारी मी काय म्हटलं. सांगताना मी तिच्याकडं बघू शकले नाही. रस्त्याच्या पलीकडं शेळ्या होत्या, त्यांच्याकडं बघत बोलले. म्हटलं, तू कमी पडली नव्हतीस. मी घाबरले.

मला वाटलं ती रडेल, किंवा म्हणेल की जाऊ द्या मॅडम. दोन्ही झालं नाही.

“तुमी हे मला आता कशाला सांगायलात?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी पाच वर्षं माझ्या मनाला समजावलं की मी कमी होते. त्याच्यावर मी उभी राहिले. आता तुमी म्हणता मी कमी नव्हते. मी काय करू ह्याचं? कुठं ठिवू?”

मी माफी मागितली. ती म्हणाली की माफीचं काही न्हाई. मग जीप आली. तिनं ड्रायव्हरला सांगितलं की बाईंचा पाय दुखतोय, पुढं बसवा. दार लावलं आणि वळून निघून गेली. मी मागच्या आरशात बघत होते, ती चालत होती, नेहमीसारखी ताठ.

परतीच्या वाटेवर मला हलकं वाटायला हवं होतं. मनातलं बोललं की हलकं वाटतं असं म्हणतात. मला उलट झालं. पाच वर्षं ते ओझं मी एकटीनं वाहिलं होतं, आता तिच्याही डोक्यावर ठेवून आले होते, आणि माझ्याकडचं कमी झालं नव्हतं. घरी आले तर भावजयीनं विचारलं, दर्शन झालं का. मी झालं म्हटलं आणि पडून राहिले.

तीन महिने तिचा फोन नाही. येणार नाही असंच मी धरून चालले होते. एका सकाळी आला. नमस्कार नाही, काही नाही. तालुक्याच्या चौदा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धा आहेत, पंच मिळेना, एकच आहे, तो पण क्रिकेटचा. येता का, असं विचारलं. मी म्हटलं, येते. ठेवते, म्हणाली.

स्पर्धेला आठ शाळांनी नावं दिली होती, आल्या तीन. फक्कीच्या रेषा वाऱ्यानं निम्म्या उडाल्या होत्या. ऊन परभणीकडचं. मी टोपी घालून शिट्टी गळ्यात अडकवली आणि पहिला सामना केला. दुसरा तिच्या शाळेचा होता. तिच्या पोरी सुरेख खेळत होत्या, सगळ्यांच्या माना वर. शून्य-शून्य होतं आणि शेवटची चार मिनिटं राहिली होती. तेव्हा त्यांच्याच गोलापुढच्या वर्तुळात चेंडू त्यांच्यातल्या एका बारक्या पोरीच्या पायाला चाटून गेला. अगदी चाटून, पण हॉकीत पायाला लागला की चूक धरतात. कडेला बसलेल्यांना दिसला नसेल. मी शिट्टी मारली आणि तिच्या शाळेविरुद्ध पेनल्टी कॉर्नर दिला. पोरींनी माझ्याकडं बघितलं. मुख्याध्यापक कडेवरून काहीतरी म्हणाले. ती बाजूच्या रेषेवर तशीच उभी होती. कॉर्नरवर गोल झाला आणि त्या हरल्या.

सामना संपल्यावर मी दगडावर बसून गुडघ्याला रुमाल ओला करून बांधत होते. ती निकालाचा कागद घेऊन आली, सहीसाठी.

“पायाला लागला होता का, मॅडम?”

“लागला होता.”

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं. चेंडू खरंच लागला होता, मी तीन पावलांवर होते. पण ती हे कशावरून मानणार, असं माझ्या मनात आलं, आणि मानलं नाही तर तिचं काय चुकतंय.

“बरं,” ती म्हणाली, आणि कागद पुढं केला. मी सही केली.

मग तिनं त्या बारक्या पोरीला हाक मारली. पाय कुठं ठेवायचा, स्टिक कुठं, ते तिथल्या तिथं तिला करून दाखवलं. दोनदा, तीनदा. मी बसल्या बसल्या बघत होते. बारकी दर वेळी पाय पुढं टाकत होती. चौथ्यांदा मी न राहवून म्हटलं की तिचा डावा खांदा आधी वळव, पाय आपोआप मागं राहील. तिनं वळवला. राहिला.

निघताना तिनं विचारलं की गुरुवारी शाळेत येणं जमंल का. हाफ खेळणाऱ्या चार पोरी आहेत, त्यांना कुणी दाखवणारं न्हाई. मी म्हटलं, गुडघ्याला उभं राहवत नाही, प्रवासही लय होतो. ती म्हणाली, खुर्ची ठिवते.

मी बघते म्हणाले. आज मंगळवार आहे. भावजयीनं मघाशी विचारलं की गुरुवारी दळण टाकायचंय, तू घरी हायस का. मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.